गिटारवर नाव कोणाचं?

माझा भाचा धुळ्यात राहतो. लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, बाकीचे महिने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मार्च महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, अम्मीची भिशी लागली. गिटार घ्यायची ठरली आहे. फक्त तुम्ही अम्मीला एवढं सांगा, की महागवाली घेऊ दे."

महागवाली म्हणजे कोणती, ते त्याने फोटो पाठवून दाखवलं. दोन गिटारी होत्या. दोन्ही एपिफोन कंपनीच्या, दोन्ही लेस पॉल आकाराच्या. एक साधी, म्हणजे 'स्टँडर्ड'. दुसरी 'सिग्नेचर', गन्स एन रोझेसच्या स्लॅशच्या नावाची. दोघींच्या किमतीत 25 हजारांचा फरक.

आपा शिलाईकाम करते. भिशीचे दरमहा तीन हजार ती कशी बाजूला काढते, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तो 25 हजारांचा फरक तिच्या आठ महिन्यांहून जास्त हप्त्यांचा होता. पोराला नाही म्हणणं सोपं होतं, पण नुसतं नाही म्हटलं तर तो म्हणणार, मामूंना काय कळतं. म्हणून मी म्हटलं, चार दिवस दे, मी नीट बघतो. त्या चार दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि नंतर नाशिकच्या दुकानात जे डोळ्यांनी पाहिलं, ते इथे लिहितो आहे. गिटारशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही वाचावं, कारण प्रश्न फक्त गिटारचा नाही.

आधी माझी लायकी सांगतो. नव्वदच्या दशकात जळगावात मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. पहिली इलेक्ट्रिक गिटार एका विक्रेत्याकडून घेतली. तिच्या डोक्यावर मोठ्या विलायती कंपनीचं नाव होतं. ते नाव रंगाने काढलेलं होतं, हे मला घरी आल्यावर नखाने खरवडल्यावर कळलं. मे महिना आला. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे गेला की लाकूड काय करतं, हे सुतारालाच विचारावं. गिटारची मान धनुष्यासारखी वाकली. फिंगरबोर्डाचं लाकूड आक्रसलं आणि फ्रेटच्या तारांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. एक हळद वाजवून घरी आलो तेव्हा डाव्या हाताच्या बोटांवर ब्लेड फिरवल्यासारखे चरे होते. नाव वाचून घेतलेल्या वस्तूचा तो माझा पहिला धडा.

आता मुद्द्याकडे येऊ. गिटारच्या अंगाला मानेजवळ जी खाच असते, तिला कटअवे म्हणतात. हात खालच्या, म्हणजे चढ्या स्वरांच्या फ्रेटपर्यंत पोहोचावा म्हणून ती असते. दोन्ही बाजूंना खाच असेल तर डबल कट, एकाच बाजूला असेल तर सिंगल कट. सिंगल कटमध्ये दोन मोठी घराणी आहेत. एक फेंडरची टेलिकास्टर, जी 1950 मध्ये ब्रॉडकास्टर नावाने आली आणि 1951 मध्ये टेलिकास्टर झाली. दुसरं गिब्सनचं लेस पॉल, 1952 चं. एपिफोन ही गिब्सनच्याच मालकीची कंपनी, त्यामुळे तिला तो आकार आणि ते नाव अधिकृतपणे वापरता येतं.

दोन्ही घराण्यांतला फरक आपल्या भागातल्या वाजवणाऱ्याला फार लवकर कळतो. टेलिकास्टरची मान अंगाला स्क्रूने कसलेली असते. तारांची लांबी 648 मिलिमीटर, आवाज धारदार. तिचे पिकअप एका गुंडाळीचे, म्हणजे सिंगल कॉइल. लग्नाच्या मांडवात बाजूला जनरेटर, वर झगमग लाइट, खाली कुठेतरी उघडी वायर. अशा ठिकाणी सिंगल कॉइल गिटार गाण्याच्या मध्ये सतत 'घूंऽऽ' करत राहते. लेस पॉलची मान गोंदाने बसवलेली असते, अंग महोगनीचं, वर मेपलचा थर. तारांची लांबी साधारण 628 मिलिमीटर, म्हणून तार थोडी सैल लागते आणि वाकवायला सोपी जाते. पिकअप हंबकर. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी ते तयार केले आणि 1957 पासून ते लेस पॉलवर बसू लागले. त्यात दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात. विजेची घरघर दोन्हींत शिरते, पण एकमेकींना कापून टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत मिळून वाढतो. नावच त्यावरून पडलं. मांडवात आणि वरातीच्या गाडीवर वाजवायचं असेल तर हंबकर हवा, एवढं मी भाच्याला न विचारताच मान्य केलं. लेस पॉलचे तोटेही सांगितले. चार किलोच्या आसपास वजन, आणि डोकं मागे कललेलं असल्यामुळे गिटार पाठीवर पडली तर मान नेमकी डोक्याजवळ तुटते.

मग स्टँडर्ड आणि सिग्नेचर समोरासमोर ठेवले. लाकूड तेच, तारेची लांबी तीच, बटणं तीच, आकार तोच. फरक इतकेच: पिकअप वेगळे गुंडाळलेले, मानेची गोलाई थोडी निराळी, वरच्या मेपलचे पट्टे जास्त देखणे, रंग खास, डोक्याच्या मागे स्लॅशने काढलेलं चित्र आणि पुढच्या झाकणीवर त्याचं नाव. यातले पहिले दोन फरक कानाला आणि हाताला लागतात. बाकीचे डोळ्याला. मी भाच्याला विचारलं, "या 25 हजारांतले किती पहिल्या दोनाचे आणि किती बाकीच्यांचे?" त्याने उत्तर दिलं नाही.

पण वाचता वाचता मला एक गंमत सापडली, आणि तिने माझाही मुद्दा जरा डळमळीत केला. आपण जिला 'स्टँडर्ड' म्हणतो, तीच मुळात सिग्नेचर आहे. लेस पॉल हे आकाराचं नाव नाही, माणसाचं नाव आहे. 1915 साली जन्मलेला, 2009 मध्ये वारलेला अमेरिकन गिटारवादक. 1952 मध्ये तो पत्नी मेरी फोर्डबरोबर इतका लोकप्रिय होता की गिब्सनने आपल्या पहिल्या भरीव अंगाच्या गिटारवर त्याचं नाव घातलं. आजही गिब्सनच्या स्टँडर्डच्या डोक्यावर त्याच्या सहीच्या वळणाची अक्षरं असतात. म्हणजे भाच्याला हवी ती गिटार सहीवर सही आहे. एकाच्या नावाच्या गिटारवर दुसऱ्याचं नाव.

आणि त्या पहिल्या सहीत लेस पॉलचं स्वतःचं किती होतं? आराखडा कोणी केला यावर वाद आहे. कारखान्यातले लोक म्हणत, बहुतेक काम आमचं. नक्की त्याची म्हणता येईल अशी एक गोष्ट होती, तारा खाली धरून ठेवणारी लांब दांड्यांची पट्टी. तीच अडचणीची ठरली. त्या गिटारवर तारा पट्टीच्या खालून गेल्या आणि उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबणं अवघड झालं. दोन वर्षांच्या आत कंपनीने ती बदलली. नाव मात्र राहिलं. पुढे 1961 मध्ये गिब्सनने आकारच बदलून दोन शिंगांची पातळ गिटार काढली. ती लेस पॉलला आवडली नाही, आणि दोन-तीन वर्षांत त्याचं नाव त्यावरून गेलं. जुना आकार बंद पडला होता, कारण तेव्हा तो फारसा खपतच नव्हता. मग इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी सेकंडहँड बाजारातून त्या जुन्या गिटारी उचलल्या, जोरात वाजवल्या, आणि 1968 मध्ये कंपनीला तो आकार परत आणावा लागला. म्हणजे कंपनीने नाव दिलं, नाव काढलं. वस्तू मोठी केली ती वाजवणाऱ्यांनी.

स्लॅशची गोष्ट तर याहून पुढची. 1987 च्या 'अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' या अल्बमवर जी गिटार ऐकू येते, जिच्या आवाजावर जगभरातल्या पोरांनी लेस पॉल घेतल्या, ती गिब्सनने बनवलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने बनवलेली ती नक्कल होती, 1959 च्या लेस पॉलची. डेरिग त्याच वर्षी वारला. आपण केलेल्या लाकडाने काय केलं, हे त्याला बघायला मिळालं नाही. डोक्यावर नाव गिब्सनचं होतं. पुढे सिग्नेचर मॉडेलं निघाली, त्यांच्यावर नाव स्लॅशचं आलं. ज्याच्या हातून ती बनली त्याचं नाव गिटारवेड्यांच्या बाहेर कोणाला माहीत नाही.

हे मी भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुमचीही नक्कलच होती की मामू." मी म्हटलं, "बेटा, डेरिगच्या गिटारची मान वाकली नव्हती." नक्कल आणि फसवणूक यांच्यात हाताच्या कामाचा फरक असतो, एवढंच मला सांगायचं होतं.

नाव आणि आकार यांच्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. 2000 साली पॉल रीड स्मिथ यांच्या पीआरएस कंपनीने 'सिंगलकट' नावाची गिटार आणली. गिब्सन कोर्टात गेली, म्हणाली, हा आकार आमचा. 2004 मध्ये खालच्या कोर्टाने पीआरएसला ती बनवायला मनाई केली. 2005 मध्ये अपिलाच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. गिब्सनने स्वतःच मान्य केलं होतं की दुकानात हातात घेऊन बघणारा गिऱ्हाईक फसणार नाही. तिचं म्हणणं होतं की धुराने भरलेल्या बारमध्ये लांबून बघणारा माणूस गोंधळेल. कोर्टाला ते पटलं नाही. मला वाचताना आपली वरात आठवली. धूळ, फटाक्यांचा धूर, ट्यूबलाइटची रांग, अहिराणी गाण्यावर नाचणारी तीनशे माणसं. तिथे पाच फुटांवरून गिटार कुठली आहे हे कोण बघतो? झाकणीवरची इंग्रजी अक्षरं वाचायला नवरदेवाचा मामा घोड्याजवळून येणार आहे का?

इथपर्यंत आलो तेव्हा माझं मत जवळजवळ ठरलं होतं, सिग्नेचर म्हणजे थोतांड. पण मग सितार आठवली, आणि मत थोडं सुधारावं लागलं.

सितार घ्यायला गेलं की जाणकार दुकानदार विचारतो, रविशंकर पद्धतीची की विलायत खाँ पद्धतीची? ही आपल्याकडची सिग्नेचर मॉडेलंच आहेत. पण त्यांच्यातला फरक रंगाचा नाही. रविशंकर पद्धतीच्या सितारीला सात मुख्य तारा, त्यांत खर्जाच्या जाड तारा, अनेकदा दांडीला वरचा दुसरा भोपळा, भरपूर कोरीवकाम आणि मोकळी, झणझणीत जवारी. विलायत खाँ पद्धतीत खर्ज नाही, मुख्य तारा सहा, वरचा भोपळा सहसा नसतो, जवारी बंद, गळ्यासारखी. विलायत खाँसाहेब सितारीवर गायचे. तार ओढून एकाच पडद्यावर चार-पाच स्वर काढायचे. एवढी ओढ सहन करायला वाद्याचं अंग तसं भक्कम लागतं. म्हणजे तिथे नावामागे वाजवण्याची एक पूर्ण रीत आहे. नाव पुसलं तरी वाद्य तेवढंच वेगळं राहील. याला मी खरी सही म्हणतो.

तिथेही बनवणाऱ्याचं नाव मागेच राहतं. रविशंकरांची सितार कोलकात्याच्या नोदू मलिक यांनी बनवलेली. हा माणूस मैफिलीत त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसायचा. किती लोकांना ठाऊक आहे? आणि आपल्या महाराष्ट्रातलं मिरज घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातले लोक, म्हणजे तलवारींना पाणी आणि धार देणारे कारागीर, तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पुढे या घरांचं आडनावच सितारमेकर झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, तुणाचं लाकूड येतं, आणि त्यातून तानपुरे घडतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या किराणा घराण्याच्या गाण्यामागे जो तानपुरा वाजतो, त्याच्या जवारीवर दोरा सरकवून स्वर लावणारी बोटं मैफिलीच्या पत्रिकेत छापली जात नाहीत. 2024 मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जे आपल्या जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला मिळालेलं आहे. सही अखेर गावाची झाली. कारागिराची अजून व्हायची आहे.

आपलं खानदेशही यात मागे नाही. बालगंधर्वांचं नाव जळगावच्या नाट्यगृहाला आहे, आणि ते योग्यच आहे. लहानपणी त्यांनी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते. मी गेल्या महिन्यात ओळखीच्या दहा जणांना विचारलं. बालगंधर्व दहाही जणांना माहीत, मेहबूब खाँ एकालाच. तक्रार नाही, जगाची रीतच अशी आहे. पण पैसे मोजायची वेळ येते तेव्हा आपण कोणाला पैसे देतो आहोत, हे तरी माहीत असावं. सिग्नेचर गिटारच्या किमतीत एक वाटा त्या कलाकाराला जातो. तो त्याचा हक्क आहे. पण चीनमधल्या चिंगदाओच्या कारखान्यात जी माणसं ती मान घासतात, त्यांच्या हाताचं काम दोन्ही गिटारींत सारखंच असतं.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं, मी, आपा आणि भाचा, एसटीने नाशिकला गेलो. धुळ्यापासून मुंबई-आग्रा हायवेने तीन-साडेतीन तास. दुकानात दोन्ही गिटारी होत्या. दुकानदाराला मी विनंती केली, एकच ॲम्प्लिफायर, बटणं एकाच जागी, आणि पोराला डोळे मिटून वाजवू द्या. दुकानदार हसला, पण तयार झाला. गिटार आळीपाळीने तोच भाच्याच्या हातात देत होता.

भाच्याने आठ वेळा वाजवलं. आपाला आणि मला आवाजात फरक कळला नाही. भाच्याला पिकअपचा फरक थोडा कळत होता, पण चांगला कुठला हे तो दरवेळी वेगळं सांगत होता. मान मात्र त्याने आठही वेळा ओळखली. स्लॅशची मान त्याच्या हाताला भरलेली वाटत होती. त्याची बोटं आखूड आहेत, आमच्या सगळ्या खानदानाचीच आहेत. मग दुकानदाराने स्टँडर्डच्या दोन जाती समजावल्या, एक 50 च्या दशकाच्या वळणाची, गोल मानेची, दुसरी 60 च्या वळणाची, सडपातळ मानेची. दुसरी हातात घेतली आणि पोराने डोळे उघडलेच नाहीत. वाजवतच राहिला. आपा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हीच दिसते."

घेतली ती 60 च्या वळणाची साधी. उरलेल्या पैशांतून एक कडक पेटी घेतली, कारण टेम्पोत गिटार कापडी पिशवीत ठेवली तर मान जाणारच. दुकानातल्याच कारागिराकडून तारांची उंची, मानेचा रॉड आणि फ्रेटची टोकं आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने घासून घेतली. त्याने पेन्सिलने एका चिठ्ठीवर मापं लिहून दिली, म्हणाला, पावसाळ्यात मान पुन्हा हलेल तेव्हा हे आकडे बघा. तरीही अकरा हजार उरले. आपाने ते घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि परतीच्या एसटीत चांदवडपर्यंत ती दर दहा मिनिटांनी पर्स चाचपत होती.

भाचा पूर्ण समाधानी होता असं मी म्हणणार नाही. मालेगाव गेल्यावर तो म्हणाला, "मामू, तुमचं सगळं बरोबर आहे. पण मांडवात कोणी बघत नसलं तरी मी बघतो ना. नाव समोर असलं की हात वेगळा चालतो." मी यावर काही बोललो नाही. त्यात तथ्य आहे. वीस वर्षांच्या वयात मीही रंगाने काढलेलं एक नाव घेऊन मंचावर उभा होतो, आणि खरवडून बघेपर्यंत माझाही हात वेगळाच चालत होता.

म्हणून माझं मत असं. सही घ्यायला हरकत नाही, पण आधी ती झाकून बघा. डोळे मिटून हाताला, कानाला फरक लागला आणि तो आपल्याला मानवला, तर जास्तीचे पैसे जरूर मोजा. विलायत खाँ पद्धतीची सितार घेणारा तेच करतो. फरक फक्त डोळे उघडल्यावर दिसत असेल तर तो फरक ज्याच्या पैशाने घ्यायचा आहे, त्याला आधी विचारा. आमच्या बाबतीत ते पैसे शिलाईच्या मशीनवर कमावलेले होते.

मेमध्ये साक्रीजवळ एका लग्नात भाचा ती गिटार घेऊन गेला. रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला: फ्रेट टोचले नाहीत, घरघर नाही. गिटारवर कोणाचं नाव आहे, ते कोणी विचारलं नाही. पण दोन लोकांनी वाजवणाऱ्याचं नाव विचारून घेतलं. पुढच्या तारखांसाठी.